पोरांनी काढलेली कॉलनी

मोठ्यांसोबत मीटिंग केली की मिनिट्स उरतात, पोरांसोबत केली की किस्से! मी आर्किटेक्ट. बजाजनगरातल्या शाळकरी पोरांकडून त्यांचीच कॉलनी नव्यानं डिझाइन करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सोबतीला रिटायर्ड इंजिनिअर देशपांडे सर. तेव्हापासून किस्से नुसते साचताहेत. तसंही आमच्या शहरात पाणी सोडून सगळं साचतं!

*

पहिल्या दिवशी सांगितलं, "स्वप्नातली कॉलनी काढा." जवळपास प्रत्येक चित्रात टँकर! एकानं तर त्याला हारसुद्धा घातलेला.

"अरे, नळ कुठंय?" मी विचारलं.

"मॅडम, टँकर रोज येतो असं दाखवलंय की! अजून किती मोठं स्वप्न बघायचं?"

*

मग पुठ्ठ्याचं मॉडेल. सहावीतल्या सानियानं इतके स्पीडब्रेकर चिकटवले की रस्ताच दिसेना.

सर वैतागले. "अगं, गाडी चालणार कशी?"

"सर, आप हमारे मामू की बुलेट देखे नै ना!"

*

चौक ओलांडताना लई भीती वाटते, असं पोरांचं म्हणणं. पाहणीला आलेल्या ट्रॅफिकच्या साहेबांना ते पटेना. "सगळं तर दिसतंय!"

सानिया म्हणाली, "साहेब, आमच्याएवढे व्हा."

साहेब उकिडवे बसले. समोर नुसते उभ्या गाड्यांचे बंपर!

"काहीच दिसत नाही गं!"

"आम्हाला रोज हेच दिसतं."

गाड्या हटवायचा हुकूम साहेबांनी तिथंच सोडला, बसल्या बसल्या. उठताच येईना ना!

*

सगळ्यात भारी किस्सा कडुलिंबाचा. पोरांच्या मॉडेलमध्ये तो मधोमध. सोसायटीला मात्र तिथं पार्किंग पाहिजे. चेअरमननी तोडायला माणूस बोलावलाय हे कळल्यावर पोरं रडकुंडीला आली.

सकाळी बघितलं तर खोडाला सुतळीनं नेमप्लेट बांधलेली: 'श्री. निंबाजीराव कडू. परवानगीशिवाय हात लावू नये.'

करवतवाला आला, पाटी वाचून थबकला. त्यानं हाक मारली, "निंबाजीराव आहेत का?"

वरच्या गॅलरीतून सातवीतला ओंकार ओरडला, "हायेत की! ते कुठं जातच नाय."

"मग बोलव खाली."

"ते कुणाशी बोलत नाय."

करवतवाल्यानं करवत खांद्यावर टाकली. "मालकाची सही नसंल तर आपण हात लावत नसतो बाबा!" आणि गेला तडक चेअरमनकडं.

संध्याकाळी मला चेअरमनचा फोन. आवाज एकदम मऊ.

"मॅडम, पोरं तुमचं ऐकतात. त्या निंबाजीरावांसोबत एकदा बैठक लावून द्या की!"