पारोळ्याच्या शेठचा चमकता चेंबर

गाडी रॅम्पवर चढवलेली, गिअरबॉक्सचा चेंबर उघडलेला आणि रवीशेठ खाली उभे राहून मला समजावत होते की चेंबर कसा बसवायचा. मी धुळ्यात बावीस वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच काम करतो. त्यामुळे मला हे समजावून घेण्याची फारच गरज होती.

रवीशेठ पारोळ्याजवळच्या एका जिनिंगचे मालक. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. घराणं शेतकऱ्याचं, पण जिनिंग चालायला लागल्यापासून लोक शेठ म्हणतात. त्यांच्याकडे मोठी ऑटोमॅटिक एसयूव्ही होती. घाट चढताना गिअरबॉक्स गरम व्हायचा आणि समोर लाल दिवा लागायचा. याचं निदान शेठनी घरूनच करून आणलं होतं. सोबत औषधही आणलं होतं, ऑनलाइन मागवून.

ते म्हणजे एक खोल चेंबर. गिअरबॉक्सच्या पोटाखाली पत्र्याचं एक ताट असतं, त्यात ऑईल साठतं. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. कंपनीचा चेंबर उथळ असतो. शेठनी आणलेला ॲल्युमिनियमचा होता, खोल आणि इतका चकचकीत की त्यात बघून दाढी करता आली असती. गाडीखाली लावायच्या वस्तूला एवढी पॉलिश कशाला, हा प्रश्न मी गिळला.

"जास्त ऑईल मावतं, म्हणून गिअरबॉक्स थंड राहतो," शेठ म्हणाले. "जावईबापूंनी शोधलाय."

जावईबापू पुण्याला कम्प्युटर इंजिनीअर. त्या दिवशी ते आले नव्हते. त्यांचं ज्ञान मात्र फोनवरून येत होतं.

"गरम का होतो ते आधी बघू का?" मी विचारलं.

"भाऊ, तुम्ही फक्त फिट करा. परवा आक्काला नाशिकला न्यायचंय. गुडघ्याचं ऑपरेशन आहे."

आक्का म्हणजे त्यांची आई. मी पाना उचलला. ही माझी पहिली चूक.

राहिलेलं जुनं ऑईल काढलं. जोडावरचं जुनं पॅकिंग खरवडलं, नवं लावलं. बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. हा पाना ठरलेल्या जोरावर टक् असा आवाज करतो, म्हणजे आपण जास्त मर्दपणा करायचा नाही. नवा चेंबर खाली दोन बोटं जास्त लोंबत होता. पारोळ्याच्या स्पीडब्रेकरांची मला काळजी वाटली, पण तो विषय नगरपालिकेचा.

पण बोल्ट आवळण्याआधी काम अडलं होतं ते फिल्टरवर. गिअरबॉक्सचा फिल्टर चेंबरमध्ये बुडालेला असतो आणि स्ट्रॉसारखं ऑईल ओढतो. चेंबर खोल केला, तर फिल्टरही खाली न्यावा लागतो. त्यासाठी चेंबरसोबत एक छोटी जोडनळी येते. ती बॉक्समध्ये नव्हती.

"जोडनळी कुठे आहे?"

"एक नळकांडं होतं," शेठ म्हणाले. "मला वाटलं बॉक्सच्या पॅकिंगचं सामान. तिकडेच राहिलं."

"मग जुना चेंबर परत लावतो. नळी आली की हा लावू."

"अहो, परवाच निघायचंय. तिकडून आलो की लावा ना ती. चालणारच नाही का?"

चालणारच नाही, असं नव्हतं. डिपस्टिकच्या, म्हणजे ऑईल मोजायच्या पट्टीच्या खुणेपर्यंत ऑईल भरलं, की नळी नसली तरी फिल्टर बुडलेला राहतो. फक्त ऑईल कमी व्हायला नको. मी तसं तीनदा सांगितलं. इंजिन चालू ठेवून, ऑईल गरम करून लेव्हल पाहिली. कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा तीन लिटर जास्त लागलं. चेंबर मोठा, ऑईल जास्त. पाचवीच्या मुलाला कळेल असं गणित. शेठ खूश होऊन गेले. ही माझी दुसरी चूक.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास फोन.

"भाऊ, लळिंग घाटात अडकलोय. रेस देतो, इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे जात नाही. मघाशी तर मागे घसरली!"

मी हातातलं काम टाकलं. त्या रस्त्यावर मागे कायम ट्रक असतो.

"आधी सांगा, चाकाला दगड लावला का? आक्का कुठे आहेत?"

"मागच्या ट्रकवाल्याने दगड लावला. आक्का खाली उतरलीय."

मी माझी जुनी गाडी काढली, ऑईलचे डबे टाकले आणि आमचे जुने मेकॅनिक सुपडूनाना यांना सोबत घेतलं. लळिंग जवळच. माझ्या चुका नानांनी गॅरेजमध्ये शेजारी उभं राहून पाहिल्या होत्या.

आक्का कडेला दगडावर बसल्या होत्या, दुखरा पाय लांब करून. ट्रकवाला निघून गेला होता. एसयूव्हीच्या मागे एक हात अंतरावर त्याच्या ब्रेकचे काळे पट्टे होते. ते पट्टे पाहून मला शेठचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

डिपस्टिक काढली. टोकाला ऑईलचा थेंबही नव्हता. चेंबर मात्र बाहेरून कोरडा, गळती कुठेच नाही.

"ऑईल कुठे गेलं?"

शेठनी जावईबापूंकडे पाहिलं. आज ते स्वतः हजर होते, गॉगल लावून.

"एक्सेस होतं," ते म्हणाले. "मॅन्युअलमध्ये तीन लिटर कमी लिहिलंय. जास्त ऑईलने सील फुटतात. म्हणून काल मी ड्रेन केलं."

कंपनीच्या चेंबरला ऑईल काढायचा बोल्टच नव्हता. नव्याला होता, तोही छान हाताशी. जावईबापूंनी तीन लिटर ऑईल नीट मोजून पाण्याच्या कॅनमध्ये भरलं होतं आणि कॅन डिकीत जपून ठेवला होता. त्यामुळे सपाट रस्त्यावर फिल्टर जेमतेम बुडत होता. चढावर उरलेलं ऑईल मागे सरकलं, फिल्टरने हवा ओढली आणि गिअरबॉक्सने काम सोडलं. मी हे समजावलं. जावईबापूंनी मान डोलावली, जणू त्यांचा प्रयोग यशस्वी झाला होता.

"आता भरा ना ऑईल," शेठ म्हणाले. "निघतो लगेच. संध्याकाळी आक्काला ॲडमिट करायचंय."

"नाही."

"भाऊ, फक्त नाशिकपर्यंत..."

"शेठ, परवा मी तुमचं ऐकलं. आज ऐकणार नाही. आत काय घासलंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. पुढच्या चढावर दगड लावायला कोणी थांबेलच असं नाही. माझी गाडी न्या."

शेठ आपल्या एसयूव्हीभोवती घुटमळत राहिले. तिला एकटं सोडवत नव्हतं. शेवटी आक्काच बोलल्या.

"रवी, गाडीना गुडघा नंतर देख. पहिले मना देख!"

दोन मिनिटांत सगळे माझ्या गाडीत बसले. जावईबापूंना क्लचची सवय नव्हती, म्हणून शेठनी चालवली.

एसयूव्ही आम्ही ट्रकवर लादून आणली. अशी गाडी चाकांवर ओढत आणली, तर गिअरबॉक्स उरलासुरलाही जातो. चेंबर उघडला. आतल्या चुंबकाला धातूचा थोडा बारीक चुरा चिकटला होता, मोठा तुकडा एकही नाही. गिअरबॉक्स वाचला होता. मी खाली बसून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात नानांनी समोरची जाळी काढली आणि बॅटरी मारली.

"भाऊ, हाई देख. कापूस शे बठ्ठा! यामा हवा कशी जाई?" आत सगळा कापूसच होता.

गिअरबॉक्सचं ऑईल थंड करायला गाडीच्या तोंडाशी एक कूलर असतो. शेठ रोज जिनिंगच्या आवारात गाडी उभी करत. वर्षानुवर्षं कापसाची तूस कूलरमध्ये बसून तिची गादी झाली होती. भर उन्हाळ्यात गिअरबॉक्स रजई पांघरून घाट चढत होता. हे पाहायला पाच मिनिटं लागली असती. पहिल्या दिवशी मी ती पाच मिनिटं काढली नाहीत, कारण मला फक्त फिट करायला सांगितलं होतं.

नानांनी मऊ ब्रश आणि पाणी घेऊन कूलर धुतला. शेठच्या मुनीमजींनी जोडनळी आणून दिली. ती त्यांच्या टेबलावर पेनं उभी करायच्या कामी लागली होती. नळी लावली, ऑईल भरलं, लळिंग घाट दोनदा चढून आलो. लाल दिवा लागला नाही.

आक्कांचं ऑपरेशन ठरल्या वेळी झालं. पाच दिवसांनी शेठ गाडी न्यायला आले. मी त्यांना गोणीत भरलेली तूस दाखवली. त्यांनी ती बोटांत धरून पाहिली.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. मग गाडीखाली वाकून चेंबरकडे कौतुकाने पाहत राहिले. "पण काही म्हणा भाऊ, चेंबरने काम केलं."

पुढच्या महिन्यात त्यांच्या ओळखीचे तीन जिनिंगवाले तसाच चेंबर घेऊन आले. गाडी गरम होते, फक्त फिट करा म्हणाले. मी प्रत्येकाला आधी गाडीच्या तोंडाशी नेलं. तिघांपैकी दोघांची गाडी नुसत्या पाण्याने बरी झाली. दोघंही नाराज होऊन गेले. चकचकीत चेंबर दोघांच्याही हातात तसाच राहिला होता.