शार्कची सुईण

माझी आत्या धक्क्यावर मासे कापायची. पायात रबरी बूट, कमरेला मेणकापड आणि जीभ सुरीहून धारदार. तिच्याशी भांडायला गेलेला माणूस स्वतःचीच चूक कबूल करून परत यायचा. धक्क्यावरची रीत अशी, की मासा होडीवाल्याचा, पण ज्याच्या फळीवर पडला, पोटातलं त्या कापणाऱ्याचं. त्यात कुणी ढवळाढवळ करायची नाही.

शार्क मादीच्या पोटातून कधीकधी जिवंत पिल्लं निघत. बाकीचे कापणारे ती मांजरांपुढे टाकत. आत्या ती बादलीत घ्यायची आणि पायऱ्या उतरून पाण्यात सोडायची. तेव्हा शार्क म्हणजे राक्षस, असाच सगळ्यांचा समज होता. फार पूर्वी कधीतरी पोहणाऱ्या एकाचा पाय गेला होता, त्याच्या धाकावर आम्हा पोरांना जेवायला घालत. शार्क धक्क्यावर आली की लोक मेलेल्या जनावरालाही लाथा घालत. आत्याला ते बघवायचं नाही. सगळे तिला 'शार्कची सुईण' म्हणून चिडवायचे. माझी आई म्हणायची, "वन्सं, एक दिवस हीच पिल्लं तुमचा पाय धरतील."

"धरू देत. आशीर्वाद मागायलाच धरतील," आत्या म्हणायची.

पण वर्षागणिक शार्क कमी येऊ लागल्या, आणि येत त्याही आखूड. आत्या होडीवाल्यांवर खेकसायची, "अरे, हे काय बारीक मासे आहेत, लाखांनी अंडी घालायला? हिला वयात यायलाच कितीतरी वर्षं लागतात. बाईसारखी पोटात वाढवते, मोजकी पिल्लं देते. आयाच मारल्यात तर पुढची येणार कुठून? समुद्राची सगळी घडी हिच्यावर आहे. ही गेली की तुमच्या जाळ्यात काय शेवाळ येणार आहे?" ते हसायचे. एका कानाने ऐकायचं, दुसऱ्याने सोडून द्यायचं.

मग वारं फिरलं. कुणीतरी आत्याच्या बादलीचा व्हिडिओ काढला आणि बघता बघता माणसं यायला लागली. लाथा घालणाऱ्यांचीच नातवंडं पिल्लू पाण्यात गेलं की टाळ्या वाजवू लागली. शार्क बिचारी किती गरीब, असं लोक एकमेकांना सांगू लागले. पहिल्यांदा टाळ्या पडल्या त्या दिवशी आत्या घरी येऊन रडली. आनंदाने रडताना मी तिला तेवढंच पाहिलं.

सरदार नावाने ओळखला जाणारा एक होडीवाला होता. त्याने तिकीट लावलं: या, आपल्या हाताने शार्कचं पिल्लू सोडा. आधी आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग रोजच पोटुशा माद्या येऊ लागल्या. पूर्वी त्या चुकून जाळ्यात सापडत. आता सरदार विणीच्या उथळ खाडीतच गळ टाकून बसायचा.

हे आत्याच्या ध्यानात आलं. "माझ्या बादलीपायी मारताहेत गं यांना," ती म्हणाली. त्यानंतर तिने कुणाकुणाचे उंबरे झिजवले नाहीत! मत्स्यखात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी तिच्यासोबत फोटो काढला आणि चहा पाजून वाटेला लावलं. पाहुण्यांपुढे तिने हात जोडले, तर ते म्हणाले, "पण मावशी, आम्ही तर वाचवतोय ना?" या भल्या माणसांचा मला इतका संताप आला, की लाथा घालणारे परवडले असं वाटलं. सरदार तर दात काढत म्हणाला, "आक्का, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, आणि होडीवाल्याशी तर नाहीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भलीमोठी मादी तिच्या फळीवर आणून टाकली. मादी मेली होती, पोट मात्र हलत होतं. भोवती तिकीटवाल्यांचा गराडा, पोरं पुढे, फोन वर.

आत्याने सुरी खाली ठेवली. "मी कापणार नाही."

सरदारने दुसऱ्या कापणाऱ्याला हाक मारली. आत्या आडवी आली. "पोटातलं माझं आहे. हात लावून दाखव."

रीत मोडायची कुणाची छाती झाली नाही. गर्दीला आधी गंमत वाटली, मग ओरडा सुरू झाला. "आतमध्ये जीव आहेत!" "बाई आहे की दगड?" ज्यांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, तेच तिला खुनी म्हणू लागले. एका चिमुरडीने रडून आकांत मांडला. मलाही राहवलं नाही. "आत्या, काप ना गं! एवढी एक वेळ!"

"एवढी एक वेळ करत करतच इथवर आलोय," ती म्हणाली.

तिने मादीच्या पोटावर तळहात ठेवला आणि तशीच उभी राहिली. लोक थुंकून निघून गेले. सरदार शिव्या घालत तिकिटांचे पैसे परत करत बसला. तो उद्या पुन्हा खाडीत जाणार होता की नाही, कुणास ठाऊक. आत्याने मात्र हात उचलला तो फार वेळाने.

"सात होती," ती मला म्हणाली. "हाताला वेगवेगळी कळत होती."