कडुनिंबाखालचा अर्धा तास

नारायणच्या मुलीचा, रेखाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी पेपर चाळत बसलो होतो. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. नारायण अकोल्याच्या दवाखान्यात आहे, हे मला ठाऊक होतं. रोज सकाळी ठरवत होतो की आज जायचं. बसने जेमतेम दोन-अडीच तासांचा रस्ता… पण गेलो नाही. गेलो असतो तर नाकातल्या नळीसकट त्याने मला आधी पाणी प्यायला लावलं असतं आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिला असता. मी त्या पाहण्याला भीत होतो.

नारायण आणि मी एका बाकावर शिकलो. पुढे मी गावच्याच शाळेत मास्तर झालो, तो वांगी आणि झेंडू पिकवत राहिला. अकोल्याहून अमरावतीकडे येणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा आहे. तिथे एक मोठा कडुनिंब आहे आणि त्याच्याखाली नारायणने ठेवलेला माठ. कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची पोरं गावाकडे परतू लागली, तेव्हा ग्रामपंचायतीने ताप मोजायची बंदूक नारायणच्याच हातात दिली, कारण तो सगळ्यांना ओळखत होता आणि कोणाशी भांडत नव्हता. ताप नसेल तर चौदा दिवस घरात वेगळं राहायचं. ताप असेल तर रुग्णवाहिका बोलवायची. त्या दिवसांत रुग्णवाहिकेत चढलेला माणूस परत येतो यावर आमचा कोणाचाच विश्वास नव्हता.

पण वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन! पहिल्याच दिवशी बंदुकीने येणाऱ्या प्रत्येकाला ताप दाखवला. ट्रकच्या टपावर भाजून आलेली पोरं रडकुंडीला आली. "उन्हानं तापलेलं कपाळ अन् तापानं तापलेलं कपाळ, बंदुकीले काय समजते?" असं म्हणून नारायणने आपली रीत पाडली. आलेल्याला कडुनिंबाखाली बसवायचं, माठातलं पाणी द्यायचं, अर्धा तास थंड होऊ द्यायचं आणि मगच बंदूक लावायची. तोवर तो समोरच्या दगडावर बसून लांबूनच त्यांची चेष्टा करायचा. पुण्यात काय मिळवलंस रे, पोट तर वाढलेलं दिसते, अशी. त्या सावलीत किती पोरांचा जीव भांड्यात पडला असेल.

माझा मुलगा प्रशांत कांद्याच्या ट्रकमधून येत होता. अकोल्याहून त्याने फोन केला की अंग ठणकतंय, कणकण आहे. माझ्या डोळ्यांपुढे रुग्णवाहिका उभी राहिली. मी त्याला सांगितलं, "मूर्तिजापूर सोडलं की तापाची गोळी घे. फाट्यावर नारायणकाका सावलीत बसवतो, तोवर गोळी लागू होईल."

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. दुसऱ्या कोणाला ही युक्ती सुचली नसती. मला सुचली, कारण मला माझ्या मित्राचा स्वभाव माहीत होता.

मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. प्रशांत बसला, पाणी प्यायला आणि थोड्या वेळाने त्याला दरदरून घाम सुटला. नारायणने विचारलं, "मास्तर, पोरगा बरा आहे ना?" मी म्हटलं, प्रवासाने शिणलाय. घामाने ओल्या कपाळावर बंदूक नीट चालत नाही, म्हणून नारायण जवळ गेला आणि आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्याने पोराचं कपाळ पुसलं. लहानपणी पुसायचा तसं. मग बंदूक लावली. ताप नव्हता.

दोन दिवसांनी प्रशांतला धाप लागली आणि ज्या रुग्णवाहिकेला मी चुकवलं होतं, तिच्यातूनच त्याला अमरावतीला न्यावं लागलं. तो बरा होऊन परत आला. तोवर आमच्या आळीतली काही घरं आजारी पडली होती आणि नारायणही.

नारायण दवाखान्यातून घरी आला तो अर्ध्या श्वासाचा होऊन. पुन्हा त्याच्याने वाफ्यात बसून निंदण झालं नाही. गावाने त्याचं नाव सावलीवाला ठेवलं. दोस्ताच्या पोराला सावलीत बसवून ताप उतरवते बुवा, असं पारावर माझ्यासमोर बोललं गेलं. त्याची वांगी कोणी घेईना. फाट्यावर दुसरा माणूस बसला आणि तो उन्हातच बंदूक लावू लागला. मी मास्तर. माझ्या एका शब्दाने ते सगळं थांबलं असतं. मी घसा खाकरला आणि उठून घरी आलो.

विषाणू कोणाकडून कोणाला गेला हे सिद्ध करता येत नाही, असं प्रशांत मला समजावतो. खरं असेल. पण दुपट्टा कोणाच्या कपाळावरून फिरला हे मी पाहिलं आहे.

नारायणने मला कधी जाब विचारला नाही. पुढे मी अमरावतीला राहायला आलो, तरी अधूनमधून त्याच्याकडे जायचो. तो खाटेवर बसलेला असायचा. कबुलीची मनाशी जुळवलेली माझी वाक्यं ओठांवर यायच्या आधीच हात वर करायचा. "बस, मास्तर. पानी पे. मंग बोल." मी पाणी प्यायचो आणि पावसाचं, बाजारभावाचं, मुलांचं बोलायचो. एकदाच, पेला परत घेताना तो म्हणाला होता, "त्या दिवशी पोराले घाम लय सुटला होता रे."

"ऊन होतं," मी म्हणालो.

"हो… ऊन तर होतंच," तो म्हणाला आणि त्याने पेला पालथा घातला.

मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो. रेखाला सगळं सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले सांगून काय होते, काका? गावाले सांगा." म्हणून हे लिहिलं आहे. नारायणने कोणाच्याही पोराला सूट दिली नव्हती. फसवलं ते मी, आणि तेही त्याच्या चांगुलपणाच्या आडून.

परतताना फाट्यावर बसची वाट पाहत होतो. माठ अजून तिथेच आहे, रेखा रोज भरते. कडुनिंबाखाली बसलो, पाणी प्यालो, अंगातलं ऊन उतरू दिलं. समोरचा दगड रिकामा होता. बस आली, थांबली आणि निघून गेली. मी त्या दगडाकडे तोंड करून बोलत होतो.