नाव ठेवायला निघालो

आमच्या घरात चार स्वेटर होते आणि चारही नाशिकला जाण्यासाठी होते. मुलुंडला त्यांचा उपयोग शून्य. डिसेंबरात फार तर पंखा जरा हळू फिरायचा, आणि तेवढ्यावर आम्ही "यंदा काय गारठा पडलाय!" म्हणायचो.

त्या वर्षी स्वेटर ट्रंकेतून बाहेर निघाले, कारण माझ्या धाकट्या भावाला, सुरेशला, मुलगा झाला होता. वहिनीचं माहेर नाशिकचं, म्हणून बारसंही तिथेच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या मी एकटी! पण सुरेशने ट्रंककॉल करून बजावलं होतं, "ताई, जेवणाच्या आधी नाव ठेवायचंय. तू नाही पोचलीस तर कुमुदताई आहेच." कुमुद ही आमची चुलत बहीण, नाशिकलाच राहणारी. माझ्याच लग्नात ती माझ्यापेक्षा भारी शालू नेसून मिरवली होती. आता हाही मान तिच्या पदरात? शक्यच नाही!

"एसटीने जाऊ या," हे म्हणाले. (हे म्हणजे माझे यजमान. अतिशय शांत माणूस. घरात साप निघाला तरी आधी हातातला चहा संपवतील.)

"दारात गाडी असताना एसटी? कुमुद काय म्हणेल?"

गाडी नवीनच घेतलेली होती, म्हणजे आम्हाला नवीन. घाटकोपरच्या एका शेटजींनी ती पोटभर वापरून आम्हाला विकली होती. किल्ली देताना त्यांनी डॅशबोर्डखालची एक काळी मूठ दाखवली. "ये नॉब को हाथ नहीं लगाने का. मुंबई में इसका कुछ काम नहीं." ह्यांनी ते ऐकलं आणि मुठीला हात लावला नाही. मीही ऐकलं, पण बिनकामाची वस्तू नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही. मूठ नेमकी माझ्या गुडघ्यासमोर होती. त्या सकाळी निघाल्या निघाल्या मी माझी पर्स तिला अडकवून टाकली. पर्स कसली, बोचकंच ते! बाळाची चांदीची वाटी, बाम, आवळासुपारी, लेकीसाठी संत्री आणि सासूबाईंची अंगाऱ्याची पुडी, सगळं तिच्यात. वजनाने मूठ थोडी पुढे आली, पण पर्स पडली नाही. मला माझंच कौतुक वाटलं.

ठाणं मागे पडलं तशी गाडी खोकायला लागली. भिवंडीपाशी तिने मागे असा काळा धूर सोडला की आमच्यामागचा रस्ताच दिसेना. एक ट्रकवाला बाजूने जाताना ओरडला, "सेठ, चूल्हा जला के निकले हो क्या?"

"अहो, तुम्ही गिअर चुकीचा टाकताय!" मी म्हणाले. (मला गाडी चालवता येत नाही, पण चुका कळतात.)

"बरोबरच टाकलाय."

"मग क्लच जोरात दाबताय. शेजारचे जोशीभाऊजी कसे अलगद दाबतात!"

"आई, पेट्रोलचा वास येतोय. मला उलटी होतेय," मागून आमची मनू म्हणाली.

"बघा! तुमच्या ड्रायव्हिंगने पोरीला उलटी होतेय!"

शहापूरच्या अलीकडे गाडी बंदच पडली. ह्यांनी उतरून बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभे राहिले. इंजिननेही ह्यांच्याकडे बघितलं असावं. दोघेही काही बोलले नाहीत.

तेवढ्यात मागे मनूशेजारी बसलेल्या सासूबाई पुढे सरसावल्या. त्या मालवणच्या बाजूच्या; अर्धं आयुष्य मुलुंडला काढूनही बोली सोडली नव्हती. "अगो सूनबाय, तुझ्या पर्शीत गावच्या देवाचो अंगारो आसा. तो काढ आधी!"

मी पर्स मुठीवरून काढून मांडीवर घेतली, तशी मूठ आपोआप मागे सरकली, आणि मी पुडी दिली. सासूबाईंनी बॉनेटवर बोट ओढलं, स्टिअरिंगला लावलं, ह्यांच्या कपाळाला लावलं. ह्यांनी किल्ली फिरवली. गाडी जरा कुरकुरली, धुराचा एक शेवटचा लोट सोडला आणि सुरू झाली!

"बघलंस? देवाक काळजी!"

आम्ही सगळ्यांनी हात जोडले. पुडी परत पर्समध्ये गेली, पर्स परत मुठीवर गेली, आणि थोड्या वेळाने गाडी परत खोकू लागली.

"अंगारो उतरलो," सासूबाईंनी निदान केलं.

मग हेच सुरू झालं. पर्स काढायची, अंगारा लावायचा, गाडी पळायची. पर्स अडकवायची, गाडी रडायची. आसनगाव, खर्डी, कसारा, असं आम्ही अंगाऱ्या-अंगाऱ्याने पुढे सरकत होतो. प्रत्येक वेळी सासूबाईंची श्रद्धा वाढत होती आणि माझी ह्यांच्याबद्दलची शंकाही. "अहो, तुम्हाला लायसन्स दिलं तरी कोणी?" इथपर्यंत मी पोचले होते. हे नुसतं "हं" म्हणायचे.

कसारा घाटात, ऐन चढावर, गाडी पुन्हा थांबली. मनूने चाकाला दगड लावला. मी पुडी उघडली, तर पुडी कोरी! होता नव्हता तो अंगारा आमच्या कपाळांवर आणि बॉनेटवर. वर सूर्य चढत होता, आणि तिकडे नाशिकला कुमुद शालूच्या निऱ्या काढत असणार. मला खरंच रडू फुटलं. "माझ्या एकुलत्या एका भाच्याचं नाव ती ठेवणार! त्याला आयुष्यभर आत्या म्हटलं की तीच आठवणार!"

"गप गो," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पुडी रिकामी झाली तरी पुडीच ती. पर्स छातीशी धर आणि देवाचा नाव घे. नाशिक येयसर सोडू नको."

मी पर्स कवटाळली. ह्यांनी किल्ली फिरवली. आणि काय सांगू, ती गाडी घाट असा चढली की वरच्या वळणावर आम्ही मघाच्या त्या ट्रकवाल्याला मागे टाकलं!

बारशाच्या घरात शिरले तेव्हा कुमुद पाळण्यावर वाकलेलीच होती.

"थांब!" मी दारातूनच ओरडले.

सगळे वळले आणि दोन पावलं मागे सरले. तोंडावर धुराची काजळी, कपाळभर राख, केस विस्कटलेले आणि छातीशी घट्ट पर्स! पण मान माझा होता. बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले आणि मी बाळाच्या इवल्याशा कानात सांगितलं, "अमोल." बाळाने टक लावून माझ्याकडे बघितलं आणि एक शिंक दिली. इतकं गोड काही मी तोवर ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकची खरी थंडी पडली होती. चार स्वेटर चार अंगांवर होते, तोंडातून वाफा निघत होत्या आणि गाडी ढिम्म.

"भावोजी, चोक ओढलात का?" सुरेशने विचारलं.

"कुठला चोक?"

सुरेश आत बसला आणि त्याने ती काळी मूठ ओढली. गाडी सुरू! "ही मूठ. फक्त थंडीत ओढायची. इंजिन तापलं की मग आत. बाहेर राहिली तर गाडी ढसाढसा पेट्रोल पिते, काळा धूर सोडते आणि चढावर बंद पडते."

मनूने मुठीकडे बघितलं, मग पर्सकडे, मग माझ्याकडे. तिच्यामागोमाग सगळ्यांनीच बघितलं.

"म्हणजे अंगाऱ्यामुळे नाही?" मी हळूच म्हणाले.

"असा कसा?" सासूबाई कडाडल्या. "पर्स खाली घेवची बुद्धी कोणी दिल्यान? अंगाऱ्यानच मां?"

ह्यांनी शांतपणे हातातला चहा संपवला, कप सुरेशकडे दिला आणि माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. "भाच्याला नाव छान ठेवलंस. आता काल मला ठेवलीस ती सगळी परत घे."

मी पर्स मांडीवर घेतली आणि एकेक नाव परत घ्यायला सुरुवात केली. शेवटचं परत घेतलं तेव्हा मुलुंड आलं होतं.