वावरांची नावं टाकणारी

"आयकता का, बटन सोडू नका," सुशीला त्या दुपारी मला चारदा म्हणाली. आमचं दोघांचं ते शेवटचं काम. ब्लूटूथचा बोर्ड आगपेटीएवढाही नसतो आणि त्याच्यावरचं बटण मोहरीएवढं. ते दाबून धरून वायर जोडली तरच तो नवं नाव घ्यायला तयार होतो, मग त्याचा दिवा सावकाश लुकलुकतो. दाबायचं मी. जोडायचं आणि कॉम्प्युटरवर लिहायचं तिनं. पाच बोर्ड होते, तीन झाले. "दोन सकायी करू, मले दम लागून राह्यला," म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

माझी बायको दहावी शिकलेली, मी चौथी. हे तिनं कधी काढलं नाही. काढलं तर फक्त रागात. अमरावतीत सलीमभाईंच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानाच्या पायरीवर ती शेवंतीचे हार विकायची. नापिकीची वर्षं होती, खेड्यातून येणारी माणसं हाराकडे बघून पुढे जायची. रिकामी बसून ती मान वळवून आत बघायची. सलीमभाई विहिरीवरचा पंप मोबाईलनं चालू-बंद करायचे डबे बनवायचे, आत हाच ब्लूटूथचा बोर्ड. ओल्या हातानं स्टार्टर दाबताना माणसं विजेला चिकटायची, त्यापायी. एक दिवस कॉम्प्युटरवर लिहिलेला हुकूम बोर्ड काही ऐकेना. हिनं पायरीवरूनच सांगितलं, "भाई, एटीच्या पुढं अधिकचं चिन्ह राह्यलं."

सलीमभाईंनी बघितलं, डोक्याला हात लावला. "भाभी, हार बाजू में रखो, अंदर आओ."

तेव्हापासून नावं टाकायचं काम आमच्या घरी. जुना कॉम्प्युटरही त्यांनीच दिला. ती मला समजावायची, "हे लय सरळ हाये. पयले नुसतं एटी लिहाचं, म्हंजे हाक मारली. थो ओके म्हन्ते, म्हंजे जागा हाये. मंग सांगा काय सांगाचं ते. तुमच्यासारखं नाही, चार हाका मारल्या तरी हूं नाही." मी म्हणालो, "मंग त्याच्याशीच लगन लावाचं होतं." म्हणाली, "तवा निघाला नव्हता ना!"

एकदा चुकली. नांदगाव खंडेश्वरकडच्या दोघा भावांचे बोर्ड घाईत तसेच गेले, कंपनीच्याच नावानं आणि मोबाईल जोडायच्या कंपनीच्याच एक-दोन-तीन-चार नंबरानं. एका धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून दोघांच्या विहिरी. थोरला मोटारीत हात घालून बसला होता आणि धाकट्यानं आपला पंप समजून मोबाईल दाबला. थोरल्याची मोटार फिरली, दोन बोटांची नखं गेली. ऐकल्या ऐकल्या ही एसटीत बसली. मीही मागोमाग. "चूक माह्यी हाये," उभ्या उभ्या म्हणाली. थोरल्यानं पट्टी बांधलेला हात पुढं केला. "काकू, बोटं पाचच हायेत, मोजून घ्या!" सगळे हसले. ही हसली नाही. दोन्ही बोर्ड काढून घरी आणले.

त्यानंतर नावाशिवाय बोर्ड तिच्या हातून सुटला नाही. नाव वावराचं. आमच्याकडं प्रत्येक वावराला नाव असतं. मी विचारलं, "मालकाचं काहून नाही टाकत?" म्हणाली, "वावर इकलं त मालक बदलते. वावराचं नाव थेच राह्यते." त्या वर्षांत वावरं बरीच विकली जात होती.

तीन बोर्ड झाले त्या संध्याकाळी चहाचा कप धुता धुता ती खाली बसली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मुलगी अकोल्याहून सकाळी यायची होती, तोवर न्यायचं नव्हतं. घर माणसांनी भरलेलं. उजाडलं तसं मला आठवलं, उरलेले दोन बोर्ड न्यायला खेड्यावरून माणूस पहिल्या एसटीनं येणार. तेही शेजारशेजारच्या विहिरींचे. मी कॉम्प्युटर लावला. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे काय करून राह्यला? लोकं काय म्हंतीन?"

"म्हनू दे. कोनाचा हात मोटारीत जाईन."

दाबणारं कोणी नव्हतं. दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून बटणाला लावला. नीट बसला. इतकी वर्षं हा चिमटा तिला सुचला नसेल असं मला वाटत नाही.

वायर जोडली. दिवा सावकाश लुकलुकला. एका बोटानं एटी लिहिलं. ओके आलं. नावं तिनं चिठ्ठ्यांवर इंग्रजी अक्षरांत काढून ठेवली होती, ती बघून एकेक अक्षर उतरवलं. दोनदा एरर आलं. मी अधिकचं चिन्ह बघितलं, बरोबरचं चिन्ह बघितलं, पुन्हा लिहिलं. मग नंबरही दोघांचे वेगळे टाकले.

शेवटी बोर्ड डब्यांत बसवले, दोन्ही डबे वीज देऊन शेजारी ठेवले आणि मोबाईलनं एकच लावला. एकाचाच दिवा लागला. दुसऱ्याचा लावला, तेव्हा दुसऱ्याचाच.

माणूस आला. अंगणातली गर्दी बघून फाटकाशीच थबकला, परत फिरायला लागला. मी त्याला हात धरून आत आणलं, कोणता डबा कोणत्या वावरातला ते दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग आंघोळीला गेलो.