पी की एम

‘कोलेसिस्टेक्टमी’ हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने म्हटला तेव्हा आमच्या सासूबाईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि विचारलं, “सकाळी सकाळी कोनाला शिव्या देतेस गं बाय?”

शिव्या देत नव्हते, अभ्यास करत होते. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, गिरीज गावातल्या आमच्या घराच्या पडवीत, मेथी-माठाच्या ढिगाशेजारी बसून. मेडिकल कोडिंगची परीक्षा द्यायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. हॉस्पिटलांचे कागद वाचायचे, पेशंटला काय झालं आणि त्याच्यावर काय केलं ते ओळखायचं, आणि त्या प्रत्येकाला ठरलेला नंबर द्यायचा. काम घरबसल्या होतं. अडचण एकच, ते कागद इंग्रजीत असतात, आणि इंग्रजी तरी कसलं? एकेक शब्द विरारहून निघालेला चर्चगेटला पोचेपर्यंत संपायचा नाही.

मी साताऱ्याकडची. वडिलांनी जूचंद्रला फ्लॅट घेतला म्हणून इकडची झाले, आणि लग्न होऊन गिरीजच्या या वाडीत आले. शाळा मराठी. स्वभाव तापट, हे मी सांगायची गरज नाही, आमच्या गल्लीत कोणीही सांगेल. पहिल्या आठवड्यातच मी ते जाडजूड पुस्तक केळीच्या बुंध्यावर फेकून मारलं. सासूबाई उठल्या, पुस्तक उचललं, पदराने पुसलं.

“केळीचा अख्खा लोंगर एकटी उचलते का कोन?” त्या म्हणाल्या. “आधी फण्या काढायच्या, मग एकेक फनी उचलायची. तुझ्या शब्दाला फण्या नाहीत का?”

फण्या होत्या की! कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं. पित्ताची पिशवी काढली, बस्स.

“एवढंच होय?” आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. “मग असं सरळ सांगायला यांच्या जिभेला काय जालं?”

तेव्हापासून आमची गट्टी जमली. त्याआधी बारा वर्षं आम्ही एका घरात राहत होतो, पण बोलणं म्हणजे गॅस बंद केलास का, मोटर लावलीस का, एवढंच. आता त्या जुड्या बांधायच्या आणि मी शब्द फोडायची. आईंचं लक्ष शब्दाच्या शेपटावर. आयटिस आलं की सूज. टॉन्सिलायटिस, आर्थ्रायटिस, अपेंडिसायटिस, शेपूट एकच आणि सूज तेवढी वेगवेगळ्या जागी. अल्जिया आलं की दुखणं. मेगाली आलं की तो अवयव मोठा झाला. कार्डिओमेगाली म्हणजे काळीज मोठं होणं, असं मी सांगितलं तर त्या अडूनच बसल्या. काळीज मोठं असणं हा रोग कसा, हे काही त्यांना पटेना. शेवटी म्हणाल्या, “असेल बाबा. पन तुझ्या नवऱ्याला तो व्हायचा नाही.”

हायपर आणि हायपो यांनी तर माझं डोकं पिकवलं होतं. एक जास्त, एक कमी, आणि सराव परीक्षेत मी दर वेळी उलटंच लिहायची. आईंनी एका वाक्यात निकाल लावला. “पो म्हंजे पोकळ. पोकळ म्हंजे कमी.” त्यानंतर माझं हायपो एकदाही चुकलं नाही. त्या मराठी सातवी पास, आणि मी बी.कॉम. आता काय बोलणार!

मग त्या स्वतःच शब्द पाडायला लागल्या. माझ्या नवऱ्याला मोबाईलायटिस झाला. शेजारच्या काकूंची जिभेक्टमी करायला हवी असं ठरलं. आणि एकदा नवरा जेवताना भाजीला नावं ठेवायला लागला तेव्हा आई शांतपणे म्हणाल्या, “सांभाळून राहा हां. ही शिकतेय सध्या. एक दिवस नवरेक्टमी करून टाकील.” मला ठसका लागला. नवऱ्याला काही कळलं नाही, तो पुढची पोळी मागत राहिला.

आईंचा आवाज म्हणजे काय, ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. वाडीच्या या टोकाला उभ्या राहून त्या टोकाच्या माणसाला चहाला बोलवायच्या. बाजारात भाजी घेऊन बसल्या की शेजारणीचं गिऱ्हाईकही वळून बघायचं. आणि हळदीची गाणी! गिरीजला, नंदाखालला, कुठेही नात्यात हळद असली की आधी आईंना आवतण, मग भटजींना. चारशे गाणी तोंडपाठ, एकही कुठे लिहिलेलं नाही. मधेच नवरीच्या मामाची फिरकी घेणारी ओळ जुळवून घालायच्या आणि मांडव हसून लोळायचा.

तो आवाज बसला. आधी वाटलं, सर्दी आहे. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. महिना उलटला तरी घशातून नुसती खरखर. मी म्हटलं, लॅरिंजायटिस असेल, स्वरयंत्राला सूज. आईंनी मान हलवली. सुजेचं त्यांना आता काही वाटेनासं झालं होतं.

मग हॉस्पिटलात गेलो. दारावर पाटी होती, ओटोऱ्हायनोलॅरिंगॉलॉजी. आईंनी माझ्याकडून ती तीनदा वाचून घेतली आणि नंबर येईपर्यंत फण्या पाडल्या. ओटो कान, ऱ्हायनो नाक, लॅरिंगो गळा, शेवटचं शास्त्र. “कान-नाक-गळा लिहायला पाटी छोटी पडली असती का?” असं त्या खरखरत्या आवाजात इतकं रागाने म्हणाल्या की समोरचे आजोबा हसायला लागले.

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. घशात छोटा आरसा घालून बघितलं, म्हणाल्या की आवाजाच्या पडद्यावर काहीतरी दिसतंय, भूल देऊन करावं लागेल. चिठ्ठीवर एक शब्द लिहिला, बाहेर तारीख घ्यायला सांगितली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बाहेर येऊन मी चिठ्ठी वाचली. म्हणजे वाचायला लागले. सुरुवातीचं लॅरिंग दिसलं आणि पुढे नुसती वळवळ. शेवटाला मला दिसलं ‘एम वाय’. लॅरिंजेक्टमी. स्वरयंत्र कापून काढणं. माझ्या वहीत तो शब्द होता, लाल शाईने अधोरेखित केलेला, कारण परीक्षेत हमखास येतो. त्या ट्यूबलाइटच्या उजेडात, त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये मी उभी होते आणि मला एवढंच कळत होतं की आता या बाईचा आवाज जाणार. हळदीला ही गप्प बसणार.

“काय लिहिलंय?” आईंनी विचारलं.

मी चिठ्ठी दोन्ही हातांनी आवळून धरली.

“शेपूट वाच,” त्या म्हणाल्या. “शेवटचं अक्षर काय?”

“वाय.”

“त्याच्या आधीचं?”

“एम. नाहीतर पी. कळत नाही आई, घाण अक्षर आहे.”

“खिडकीत जा. नीट बघ.”

मी चिठ्ठी खिडकीच्या काचेवर धरली. उजेडात त्या वळवळीतून एक खाली उतरलेला दांडा दिसला. एमला असला दांडा नसतो.

“पी,” मी म्हटलं. “पी आहे.”

“मग पी म्हंजे पाहायचं,” आई म्हणाल्या. “पाहायचंय त्यांना. पाहू दे की. त्यात काय एवढं?”

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. स्कोपी! लॅरिंगोस्कोपी, दुर्बिणीतून स्वरयंत्र बघणं! शिकलेली मी, अन् भीतीने सगळं धुऊन गेलं होतं. मी तशीच आत घुसले, आतल्या पेशंटची माफी मागितली आणि विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो, बघायचं, छोटी गाठ आहे ती तेवढी काढायची आणि तपासायला पाठवायची. आवाज कुठे जात नाही. पण नंतर आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही, आणि मग रोज फक्त पाच मिनिटं.

सगळं नीट पार पडलं. गाठीचा रिपोर्ट चांगला आला, तो मी फण्या पाडून दोनदा वाचला आणि मगच पेढे आणले. राहिले ते आठ दिवस. आईंच्या हातात वही-पेन दिलं होतं, त्यात त्या एवढ्या मोठ्या अक्षरात ओरडायच्या की एका ओळीला एक पान पुरायचं नाही. नवरा पहिल्या दिवशी म्हणाला, घर कसं शांत वाटतंय. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, मला करमत नाही, तिला कुणीतरी चिडवा.

माझी परीक्षा सहाव्या दिवशी होती. मी नाही जात म्हटलं तर आईंनी वहीत लिहिलं, ‘जा. नाहीतर मी बोलेन.’ धमकीच ती! गेले. पेपरात स्कोप्या आणि एक्टम्या रांगेने बसलेल्या. प्रत्येक ठिकाणी मनात म्हणत होते, पी म्हणजे पाहायचं, पी म्हणजे पाहायचं. निकाल तिथेच लागला, पास झाले. घरी येऊन आईंच्या गळ्यात पडले तर त्यांनी वहीत लिहिलं, ‘गळा सांभाळून.’

नवव्या दिवशी पहिली पाच मिनिटं मिळायची होती. नवरा घड्याळ घेऊन बसला. नणंद फोनवर, व्हिडिओ लावून. सगळ्यांना वाटत होतं, पहिला शब्द आपल्याशी. आईंनी मला खोलीत ओढलं आणि दार लावलं.

आवाज बारीक होता, लहान पोरीसारखा, पण खरखर नव्हती. मला तेवढ्यानेच भरून आलं.

“बाय, मना एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “ते पी म्हंजे पाहायचं, ते मना काय म्हाईत नव्हतं. स्कोपी तू शिकवलीच नव्हतीस कधी.”

“मग?”

“चिठ्ठी अशी आवळली होतीस, फाटली असती. तोंड पांढरं पडलेलं. म्हनून मी तिथंच जुळवलं.”

“आई! मी त्याच्यावर परीक्षा दिली!”

“पास जालीस ना? मग जालं.”

“आणि एम निघाला असता तर?”

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “तर बोलली असती, एम म्हंजे मामुली.”

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. विचारलं, “तुम्हाला भीती नव्हती वाटत?”

“वाटत होती ना. पन दोघींनी घाबरून कसं चालेल? रिक्षा कोनी केली असती?”

बाहेरून नवरा दार वाजवत होता, दोन मिनिटं उरली, दोन मिनिटं उरली. आईंनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“वाजवू दे,” त्या म्हणाल्या, आणि ती दोन मिनिटंही माझ्याशीच बोलल्या.