पाण्याची वाट
जांभा दगड कापल्याचा वास आला की वाटणीतला तो उतार आठवतो. चुलतभावाने खालची भातजमीन घेतली आणि मला वरचा उघडा कातळ दिला. मी टोपल्यांनी माती वाहून तिथे कलमं लावली, पण पहिल्याच पावसाळ्यात ती माती त्याच्या शेतात उतरली. "निम्मी तरी उचलू दे," मी म्हणालो. तो हसला, "पावसाने आणलीन, आता ती माझी. तू कातळ चाट!" पुढच्या उन्हाळ्यात मी दगडी गडगा रचून नवी माती भरली आणि पाण्याला एकच वाट ठेवली, नेमकी त्याच्या बांधावर. आषाढात त्याचं शेत लावणीसकट वाहून गेलं. त्याची बायको चिखलात उभी राहून म्हणाली, "भावजी, पाणी जरा पलीकडे वळवा हो." मी विडी संपवली आणि घरी गेलो. खाली आता वाहून जायला काही उरलेलं नाही, तरी ती वाट मी दर वैशाखात स्वतः साफ करतो.